चाळीस ग्रॅम भात

समडोळीत आमच्या घरी दोन काटे आहेत.
एक ह्यांच्या डेअरीतला, पॉइंटपॉइंटवर भांडणारा.
दुसरा तासगावच्या सोनाराकडून जुना घेतलेला, तो माझा.
त्यावर मी भरतेशचा भात मोजते.
चाळीस ग्रॅम.
दोन शितं जास्त झाली तर बोटानं काढते
आणि बोट मीच चाटते.

डाळ नाही, दूध नाही,
भडंगातला एक दाणासुद्धा नाही.
बटाटा, रताळं मोजून.
साबुदाणा चालतो, साखर हवी तेवढी.
कंदमूळ आमच्यात वर्ज्य. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत,
तिसऱ्या दिवशी रताळं त्यांनीच उकडलं.
शेजारची हौसाक्का म्हणते,
'पोराचा रोजच उपवास की गं!'

पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा ह्यांनी विचारलं,
'फिनाइल? फरशी पुसायचं?'
नाही. फिनाइलअ‍ॅलनिन.
दुधात असतं, डाळीत असतं,
तुमच्या माझ्या ताटातनं रोज पोटात जातं,
यकृत त्याला धरून पुढच्या कामाला लावतं.
भरतेशच्या यकृतात तेवढा एकच कामगार कमी.
कारखान्याची गव्हाण बंद पडली की
ट्रॅक्टरांची रांग लागते पार हमरस्त्यापर्यंत,
तशी त्याच्या रक्तात रांग.
आणि रस्ता जातो डोक्याकडे.

महिन्यातून एकदा बोटाला टोचायचं,
चार थेंब जाड कागदावर.
कुरडया उन्हात वाळतात, हे सावलीत.
पाकीट मिरजेला जातं, आठवड्यानं आकडा येतो.
दोन ते सहा असला तर मी त्या दिवशी
केस धुते, गुणगुणते.
वर गेला तर एकच प्रश्न:
काय दिलंत?

भाद्रपदात त्याला ताप आला, ऐन दशलक्षणात.
तीन दिवस पोरानं ओठ उघडले नाहीत.
डब्यातली ती उग्र वासाची पावडर, तीही नाही.
मला वाटलं, चला, निदान आकडा तरी उतरेल.

अकरा पूर्णांक चार.

'काय दिलंत?' मुजावर मॅडम म्हणाल्या.
'काहीच नाही.'
हे मी जवळजवळ अभिमानानं सांगितलं.
त्यांनी चष्मा काढला.
'तेच तर.
बाहेरून आलं नाही की अंग स्वतःलाच उकलतं.
दंडातलं काढतं, मांडीतलं काढतं, चुलीत घालतं.
आणि त्यात तेच असतं, जे तुम्ही भातात मोजता.'

एसटीत खिडकीशी बसले. अंकली आली, पूल गेला.
म्हणजे माझ्या पोरानं तीन दिवस
मांस खाल्लं.
स्वतःचं.
आमच्या घरात, पर्वाच्या दिवसांत.

घरी सासूबाईंचा सातवा उपवास.
दिवसातून एकदा कोमट पाणी, बास.
बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.
त्यांच्या रक्तात रांग लागत नाही, मला माहीत आहे,
तरी मी त्या दंडाकडे बघत राहिले.
विचारलं नाही काही. सांगितलं तर नाहीच.

आता ताप आला की दर दोन तासांनी
साबुदाण्याची पेज, साखर घालून,
चमचा दातांत अडकवून, रडला तरी.
आणि ताप नसला तरी रात्र आहेच:
मॅडम म्हणाल्या, त्याचा आकडा पहाटे सगळ्यात चढा,
कारण झोप हासुद्धा लहानसा उपवास.
मी तीनला जागी होते.
तो श्वास घेत असतो, पोट वरखाली.
आत कोण काय मोजतंय, कोणाच्या काट्यावर,
ऐकू येत नाही.

काल त्यानं स्वतःच ताटली काट्यावर ठेवली.
पाच वर्षांचा, जीभ बाहेर काढून, एकेक शीत.
'आई, चाळीस.'
एकेचाळीस होते.
मी वहीत एकेचाळीस लिहिलं,
त्याला म्हटलं, बरोब्बर.